दोन डाव्या बाह्या

मार्चमधली सकाळ होती. आदल्या दिवशी बर्फ पडला होता. ड्राइव्हवे साफ करून मी नुकती आत आले होते आणि दारातच बूट काढत होते, तेवढ्यात फोन वाजला. ओकव्हिलहून अजित बोलत होता, इंदूताईंचा मुलगा. "विजूमावशी, आई गेली... पीसफुली गेली, इन हर स्लीप." मग सावकाश सांगत राहिला. काही त्रास झाला नाही, काल नीट जेवली होती, भाजीत मीठ कमी आहे असं सुनेला ऐकवलंही होतं. एका पायात बूट आणि दुसरा पाय ओल्या मोज्यात, अशी मी तिथेच जमिनीवर बसले. खरं सांगते, रडू नंतर आलं. पहिला विचार आला तो वेडगळ होता. आता सतरा मेला मी बाह्या कुणाला सांगायच्या?

हे वाचणाऱ्याला काहीच कळणार नाही, म्हणून आधीपासून सांगते. आम्ही लंडनला राहतो, पण हे लंडन कॅनडातलं, टोरोंटोच्या पश्चिमेला दोन तासांवरचं. माझ्या सासूबाईंना मरेपर्यंत वाटत होतं की सून राणीच्या शेजारी राहते. इंदूताई माझ्या नात्याच्या कुणी नव्हत्या. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, माझ्या आधी बऱ्याच वर्षांपूर्वी इथे आलेल्या आणि गावातल्या तमाम मराठी बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या. त्यांना एकच छंद होता. डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन या तीन देशांच्या राजघराण्यांत लग्न असो, बारसं असो, कुणाची साठी असो, टीव्हीवर दाखवतील तो सोहळा पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बघायचा. त्यातली एकही भाषा त्यांना येत नव्हती.

मी लग्न करून इथे आले त्याला चाळीस वर्षं झाली. नोव्हेंबर होता. माझा नवरा शरद तेव्हा हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर होता. सकाळी जायचा तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवायचा, आणि उगवला की झोपायचा. मी खिडकीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजायचे. आईला एक पत्र लिहून ठेवलं होतं... मला नाही जमत इथे, मी परत येते. ते पर्समध्ये घेऊन आठवडाभर हिंडत होते, पेटीत टाकायचा धीर होत नव्हता. अशात संक्रांतीच्या कार्यक्रमाला जायचं ठरलं आणि माझ्या एकुलत्या एक चांगल्या ब्लाउजची काखेतली शिवण उसवलेली निघाली. कुणीतरी म्हणालं, इंदूताईंकडे जा.

त्यांच्या बेसमेंटमध्ये शिवणाचं मशीन होतं, इस्त्रीचं टेबल होतं आणि कोपऱ्यात टीव्ही होता. टीव्हीसमोर एक उंच, पांढऱ्या केसांची गोरी बाई हातात रुमाल घेऊन बसली होती. ती शेजारची इंगाबाई, डेन्मार्कची, नवरा वारलेला. इंदूताईंचं ते शिवणाचं मशीन मूळचं तिचंच. आणि टीव्हीच्या मागे डोकं खुपसून नाना, म्हणजे इंदूताईंचे यजमान, स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकले होते. झालं होतं असं, की इंगाबाईच्या बहिणीने तिकडून राजघराण्यातल्या एका लग्नाची व्हिडिओ कॅसेट पाठवली होती. पण तिकडच्या कॅसेटी इकडच्या व्हीसीआरवर चालत नाहीत हे कुणाच्या गावी नव्हतं. पडद्यावर नुसते करडे पट्टे वर सरकत होते. नाना इंजिनिअर असल्यामुळे हार मानायला तयार नव्हते आणि इंगाबाईच्या डोळ्यांत पाणी होतं. या सगळ्यात इंदूताई मात्र खुर्ची पुढे ओढून त्या पट्ट्यांकडे टक लावून बसल्या होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ये, बस. ते बघ, पट्टा सरकला की क्षणभर बाही दिसते. मनगटापर्यंत आहे."

मी बसले. अर्धा तास आम्ही चौघं करडे पट्टे बघत होतो. त्या नोव्हेंबरपासून मी पहिल्यांदा हसले ती त्या दिवशी.

पुढच्या आठवड्यात नानांनी एका दुकानातून ती कॅसेट इकडे चालेल अशी करून आणली आणि मला खास बोलावणं आलं. इंगाबाईने वेलदोड्याचे गोड बन करून आणले होते. इंदूताईंनी एक घास घेतला आणि निकाल दिला, "वेलदोडा घालतात म्हणजे आपल्यातलेच आहेत हे लोक." लग्न सुरू झालं. म्हणजे सुरू झालं असं वाटलं. बराच वेळ चर्चचं दार, रिकामा रस्ता, एक घोडा, परत चर्चचं दार. निवेदक डॅनिशमध्ये काहीतरी हळू आवाजात बोलत होता. इंगाबाई भाषांतर करायला लागली तशी इंदूताई म्हणाल्या, "इंगा, प्लीज, नो टॉकिंग. लेट मी सी." आणि उठून टीव्हीचा आवाजच बंद केला. मग नवरी गाडीतून उतरली आणि त्या माझ्याकडे वळल्या.

"काय दिसलं?"

"छान आहे ड्रेस," मी म्हटलं.

"छान हा काय रंग आहे? का कापड आहे? बाही कशी आहे सांग."

"लांब आहे."

"मग?"

"...खांद्यावर थोड्या चुण्या आहेत."

"मग?"

त्यांचं हे 'मग' मी पुढे चाळीस वर्षं ऐकलं. आवाज चढायचा नाही, घाई असायची नाही. आपण सांगितलं त्यापलीकडे अजून काहीतरी आहे आणि ते तुला दिसतंय, अशी खात्री असायची त्यात. त्या दिवशी मी त्यांना खांद्याच्या चुण्या मोजून सांगितल्या. नवरीची डोक्यावरची जाळीची ओढणी जुनी आहे, कडेला रफू केलंय, हेही मला दिसलं. इंगाबाई टाळ्या वाजवायला लागली. त्या घराण्यातल्या नवऱ्या आजीची ओढणीच घेतात म्हणे. घरी जाताना बर्फाच्या कडेला कुंपणाचा एक खांब तिरका झालाय हे मला दिसलं, आणि त्याच्यावर चिमणीएवढा एक पक्षी बसलाय हेही. दोन महिने मी त्याच रस्त्याने ये-जा करत होते. आईला लिहिलेलं पत्र मी टाकलं नाही. ते फाडण्याइतकी नाट्यमय मी नाही, पण त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ब्लाउजची मापं लिहिली, कारण इंदूताईंनी तोवर मला हूक आणि काजं करायला बसवलं होतं.

लोक थट्टा करायचे. आमचा शरद तर मला 'राणीसरकारांची बातमीदार' म्हणायचा. कॅनडाच्या नोटेवर इंग्रजांची राणी असताना तुम्ही दुसऱ्यांच्या राण्या का बघता, हा प्रश्न मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारायचंच. एकदा इंदूताईंनी शांतपणे उत्तर दिलं. "इंग्रजांचं लग्न लागलं की तो निवेदक बोलून बोलून जीव खातो. आत्ता काय वाटायला पाहिजे तेही तोच सांगतो. या तिघांचं मला काही कळत नाही, म्हणून तर बघायला मिळतं." मी त्यावर खूप विचार केला आहे. आम्ही सगळे या देशात आलो तेव्हा आम्हालाही लोक भराभर काय काय सांगत होते. इंदूताईंनी आवाज बंद करून हा देश बघितला, आणि म्हणून तो त्यांना आवडला असावा.

वर्षं गेली. इंगाबाई गेली, नंतर नाना गेले. कॅसेटी गेल्या, डिश आली, मग सगळं कॉम्प्युटरवर आलं आणि माझी लेक गौरी तो टीव्हीला जोडून द्यायची. तिकडची दुपार म्हणजे इकडची सकाळ, त्यामुळे आमचे सोहळे नेहमी पोह्यांबरोबर व्हायचे. गौरी लहानपणी मध्ये लोळत असायची. "आजी, नथिंग इज हॅपनिंग," ती म्हणायची. इंदूताई म्हणायच्या, "बघ ना, किती वेळ नथिंग होतंय. आणि कुणाला घाई नाही."

याच गौरीचं लग्न आठ वर्षांपूर्वी टोरोंटोजवळ मार्कहॅमला झालं. तिच्या पैठणीचा ब्लाउज इंदूताईंशिवाय कोण शिवणार? तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या पुढे होत्या. लग्नाला आठ दिवस उरले असताना ब्लाउज आला. गौरीने घातला आणि आरशासमोर उभी राहिली. "मॉम, इट्स ब्यूटिफुल, बट आय कान्ट लिफ्ट धिस आर्म." उजवा हात वर होईना. पुढून कापड ओढलं जात होतं आणि मागे फुगा येत होता. मी जवळ जाऊन दोन्ही बाह्या निरखल्या. बाहीचा पुढचा भाग मुंढ्याला, म्हणजे खांद्याशी जोडतात तिथे, जास्त खोल कापायचा असतो, त्यामुळे डावी ती डावी आणि उजवी ती उजवी. काठ जुळवण्यासाठी इंदूताईंनी बाह्या एकेक करून कापल्या असणार, आणि दुसरी कापताना मापाचा कागद उलटायचा राहिला होता. ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या होत्या. ज्या बाईने करड्या पट्ट्यांतून बाही ओळखली होती, तिच्या हातून.

त्यांचे डोळे गेले होते. आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी त्यांना फोन करायला हवा होता का, हे मला त्यानंतर कितीतरी दिवस कळलं नाही. फोन उचलला आणि ठेवला, असं चार-पाच वेळा केलं. शिवण हेच त्यांचं गावातलं स्थान होतं, आणि नानांच्या मागे तेवढंच उरलं होतं. शेवटी मी ब्लाउज घेऊन मार्कहॅमला एका शिंप्याकडे गेले. मास्टरजी लखनौचे. त्यांनी ब्लाउज हातावर टाकला आणि लगेच म्हणाले, "बहनजी, ये तो दोनों बाज़ू लेफ़्ट के हैं. लेकिन सिलाई देखिए... क्या हाथ है!" कापड उरलं नव्हतं. नेसताना कमरेला आत खोचलं जातं ते पैठणीचं टोक कापून त्यांनी नवी उजवी बाही बसवली. काढलेली बाही पिशवीत घालून मला परत दिली. मी ती कपाटात कागदांच्या खाली ठेवली आणि गौरीला बजावलं, आजीला एक शब्द बोलायचा नाही.

लग्नात इंदूताईंनी गौरीला बराच वेळ जवळ घेतलं. तिच्या पाठीवरून, खांद्यांवरून हात फिरवला. सगळ्यांचे डोळे भरून आले. माझा जीव भांड्यात पडला, कारण त्या इतकंच म्हणाल्या, "बसलाय छान." छान हा काय रंग आहे, असं तेव्हा माझ्या मनात यायला हवं होतं. आलं नाही.

लग्नानंतर महिन्याभरात त्यांनी शिवण बंद केलं. आता पुरे झालं, म्हणाल्या. मग डोळ्यांच्या पडद्याचा विकार आहे हे बाहेर आलं, मधलं दिसत नाही आणि फक्त कडेचं दिसतं असा. अजित त्यांना ओकव्हिलला आपल्या घरी घेऊन गेला. त्यांना मी विचारलं, आता सोहळे कसे बघणार? तर म्हणाल्या, "बघते ना. राणी दिसत नाही, घोडे दिसतात." आणि हसल्या. मग म्हणाल्या, "राणी तू सांगशील."

अशी आमची नवी पद्धत पडली. त्या ओकव्हिलला, मी लंडनला, दोघींच्या टीव्हीवर एकच सोहळा, दोन्हीकडे आवाज बंद आणि मध्ये फोन स्पीकरवर. मी बोलायचे आणि त्या 'मग' म्हणायच्या. सगळ्यात आवडीचा दिवस सतरा मे. नॉर्वेचा राष्ट्रीय दिन. शाळाशाळांची मुलं बँड वाजवत राजवाड्यासमोरून जातात आणि राजघराणं गच्चीत उभं राहून तासन् तास हात हलवत राहतं. बायका आपापल्या भागाचा पारंपरिक पोशाख घालून येतात. लोकरीची भरतकाम केलेली चोळी, खाली पांढरी बाही आणि मनगटावर चांदीचं बटण. डोंगरदऱ्यांचा देश तो, दर खोऱ्याचा पोशाख वेगळा. हा सोहळा प्रत्यक्ष होतो तेव्हा आमच्याकडे पहाट असते, म्हणून आम्ही नऊ वाजता चहा घेऊन त्याचं रेकॉर्डिंग लावायचो. शेकडो बाह्या. सांगून सांगून माझा घसा बसायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या सतरा मेला मी अशीच सांगत होते. एका छोट्या मुलीच्या बाह्या जरा मोठ्या आहेत, बहुतेक बहिणीच्या असाव्यात. "मग?" हातात झेंडा आहे. "मग?" मग एकदम इंदूताई म्हणाल्या,

"विजू, ती जादाची बाही काय केलीस?"

मला कळलंच नाही आधी. "कुठली?"

"गौरीची. उजवी म्हणून लावलेली डावी."

टीव्हीवर मुलं चालत होती. मी हातातला कप खाली ठेवला.

"तिला जवळ घेतलं तेव्हाच मुंढ्यावर हात गेला माझा," त्या म्हणाल्या. "उजव्या बाहीची शिवण दुसऱ्याच कुणाची तरी होती. चांगली होती, पण माझी नव्हती. मग घरी जाऊन कागद काढला, हाताने चाचपला आणि कळलं काय झालं ते."

"इंदूताई, मला माफ करा... मी सांगायला हवं होतं."

"कशाला? तू एवढं निगुतीनं झाकलंस, मी कशाला उसवायचं? चार दिवस राग आला तुझा, खोटं नाही बोलत. मग वाटलं, हिला मी बघायला शिकवलं. काय बघितलं ते कुणाला सांगायचं नाही, हे तिचं तिला सुचलं." मग म्हणाल्या, "पण आता मला दिसत नाही. आता मला सगळं सांगत जा. फाटलेलं असेल तर फाटलंय म्हण."

पुढच्या रविवारी मी ती बाही घेऊन ओकव्हिलला गेले. त्यांनी ती मांडीवर पसरली आणि बोटं शिवणीवरून सावकाश फिरवली, मुंढ्यापासून काठापर्यंत, मग परत.

"टाके सरळ आहेत गं," त्या म्हणाल्या.

"मास्टरजी पण तेच म्हणाले. क्या हाथ है, म्हणाले."

"असं म्हणाले?" त्यांचा चेहरा इतका खुलला की मी तो कुणाला सांगू शकले नाही, कारण असं सगळं मी ज्यांना सांगायचे, त्यांचाच तो चेहरा होता. हे त्यांना सहा वर्षं आधी ऐकायला मिळायला हवं होतं. झाकण्याच्या नादात मी तेवढं मात्र त्यांच्यापासून अडवून ठेवलं होतं. बाही त्यांनी मलाच परत दिली. डावीच्या जागी डावी कधीतरी लागेल, म्हणाल्या.

त्यानंतरची दोन वर्षं मी त्यांना सगळं सांगितलं. राजा थकलाय, काठी घेतलीय. राजकन्येच्या झग्याला सुरकुती आहे. तुमच्या स्वेटरचं वरचं बटण लटकलंय. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि मला भीती वाटतेय. त्या 'मग' म्हणायच्या आणि मी पुढचं सांगायचे. एवढं ऐकून घेणारं माणूस मला जन्मात दुसरं भेटलं नाही. त्या गेल्याचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त मला सारखं वाटतं की मी एका उसवलेल्या शिवणीपायी त्या बेसमेंटमध्ये उतरले, नाहीतर उतरलेच नसते. किती थोडक्यात वाचले मी.

गेल्या आठवड्यात सतरा मे आला. लावायचं नाही असं ठरवलं होतं. नऊ वाजले आणि चहा घेऊन बसलेच. आवाज बंद केला. फोनही सवयीने टेबलावर ठेवला आणि कपाटातून बाही काढून मांडीवर घेतली. मुलं यायला लागली. थोडा वेळ नुसती बघत होते. मग माझ्याही नकळत तोंडातून निघालं, "हिरवी चोळी आहे... पांढरी बाही, मनगटाला चुण्या. डाव्या हाताचं बटण सुटलंय, आणि तिला पत्ताच नाही." आणि मी थांबले, कारण इथे थांबायची चाळीस वर्षांची सवय. फोन तसाच पडून होता. खोलीत काहीच आवाज नव्हता.

शरद स्वयंपाकघरात भांडी पुसत होता. राण्यांचं नाव काढलं की आयुष्यभर टिंगल करणारा माणूस. तो फडकं खांद्यावर टाकून बाहेर आला, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि टीव्हीकडे बघत म्हणाला,

"मग?"